बोटभर पॉलिश

पत्र्याची काळी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि रोल नंबर. घरीच कुणीतरी रंगवलंय, शेवटची दोन अक्षरं कडेला दाटीवाटीनं बसवलीत. ट्रंकेचा मालक सहावीत आहे.

हे सातारा सैनिक स्कूल. देशातलं पहिलं सैनिक स्कूल, सुरू झालं २३ जून १९६१ रोजी. कल्पना तेव्हाचे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांची. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. सैन्यात अधिकारी व्हायची वाट मोजक्या घरांतल्या मुलांपुरती राहू नये, हा हेतू. सातारा जिल्ह्याला तर ही वाट हवीच होती. इथल्याच अपशिंगे मिलिटरी गावातून पहिल्या महायुद्धावर गेलेले ४६ जण परतले नाहीत. इथल्या घरांनी शिपाई दिले, हवालदार दिले. त्यांच्या नातवंडांच्या खांद्यावरही तारे लागावेत, एवढंच मागणं होतं.

पहाटेची पीटी. मागं धुक्यातला अजिंक्यतारा.

आता हे हात बघा. अकरावीतला मुलगा सहावीतल्याला बूट चमकवायला शिकवतोय. बोटाला गुंडाळलेलं फडकं, बोटभर पॉलिश, पाण्याचा एक थेंब, आणि बुटाच्या टोकावर बारीक गोल, गोल, गोल. घाई केली की चमक जाते. पुस्तकात नसलेला हा धडा दर वर्षी थोरल्याकडून धाकट्याकडे जातो. आमच्या मते शाळा खरी घडते ती इथं, कॉटच्या कडेला.

संध्याकाळी प्रेप, म्हणजे ठरल्या वेळी बसून करायचा अभ्यास. सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते, ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताला. आत आल्यावर मात्र शिकणं इंग्रजीतून. गावच्या शाळेतून आलेला मुलगा पहिले काही महिने ओठ हलवत वाचतो. वाचू द्यावं. गावोगावच्या गुरुजींनी अशी मुलं हेरून इथवर पोचवायला हवीत.

बारावीत एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा, मग एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्या-मुलाखतींचे पाच दिवस, मग वैद्यकीय तपासणी. सगळेच खडकवासल्याच्या प्रबोधिनीत पोचत नाहीत, बाकीचे दुसऱ्या वाटा धरतात. साठ वर्षं मुलांच्याच असलेल्या या शाळेत २०२१पासून मुलीही आल्या.

रात्र. दिवे जायला थोडा वेळ आहे. धाकटा आपले बूट कॉटखाली ओळीत लावतो. थोरला वाकून बघतो, आणि डावा बूट बोटभर मागं सरकवतो.