तर्रीचे पैसे कवापासून?

(दृश्य: पोळ्याचा दुसरा दिवस. नागपूरची इतवारी. पिवळी मारबत गल्लीतून येते आहे, मागे बडगे.)

"इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!"

आज इतवारीत पाय ठेवायला जागा नाही. मारबत म्हणजे गावाची पीडा सोबत घेऊन जाणारा भलामोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. त्यांच्यामागे डुलत येतात ते बडगे. महागाईचा बडगा, खड्ड्यांचा बडगा, लाच खाणाऱ्याचा बडगा. बांबू, कागद, गळ्यात पाटी. मला विचाराल तर ही व्यंगचित्रंच आहेत, फक्त माणसापेक्षा उंच.

ह्यांचा खर्च निघतो वर्गणीतून. कुणी एकावन्न देतं, कुणी पाचशे, कुणी दारच उघडत नाही. मिरवणुकीला मात्र तिकीट नसतं. ज्यानं दार उघडलं नाही, तोही आज गच्चीवर उभा आहे. त्याला कुणी खाली उतरवत नाही.

(दृश्य: चित्र काढणारा हात. सहा चौकटी. नऊवारीतली एक आजी.)

मी कॉमिक काढते. इंटरनेटवर, दर बुधवारी, सहा चौकटी. त्यात नागपूरच्या महाल भागातली एक आजी आहे. ती वऱ्हाडीत बोलते आणि कुणाचं ऐकत नाही. वाचायला पैसे पडत नाहीत. घरमालकाला हे सांगून पाहिलं, त्याला विनोद कळला नाही.

(दृश्य: सकाळ. पोह्यांचा ठेला. डावानं तर्री.)

नागपुरात पोहे विकत मिळतात, तर्री म्हणजे तिखट रस्सा वरून, फुकट. आणखी मागितली तर ठेलेवाला म्हणतो, "घ्या ना जी." पहिल्यांदा कमवायला निघाले तेव्हा मी नेमकं उलटं केलं. आजीचे जुने भाग कुलपात टाकले. उघडायचे तर महिना एकोणपन्नास रुपये.

एका वाचकानं लिहिलं, "ताई, तर्रीचे पैसे कवापासून?"

हसू आलं. मग रात्रभर झोप आली नाही. त्याला एकोणपन्नास रुपये जड नव्हते. पुढे त्यानंच माझं अडीचशेचं छापील पुस्तक घेतलं, दोन प्रती. सलत होतं ते वेगळंच. ते भाग त्यानं वाचले होते, मावसभावाला, हॉस्टेलच्या मित्रांना पाठवले होते. आता त्यानंच पाठवलेल्या लिंकवर कुलूप दिसत होतं. माझी जाहिरात फुकटात करणाऱ्या माणसाला मी चारचौघांत तोंडघशी पाडलं होतं. अकराव्या दिवशी कुलूप काढलं.

ही चूक मोठमोठ्यांनीही केली आहे. पॅट्रिऑन ही अमेरिकी कंपनी २०१३ पासून चाहत्यांचे पैसे कलाकारांपर्यंत पोहोचवते. डिसेंबर २०१७ मध्ये तिनं जाहीर केलं, की यापुढे व्यवहाराचा खर्च देणाऱ्यानं सोसायचा. प्रत्येक वर्गणीमागे २.९ टक्के आणि वर ३५ सेंट. म्हणजे डॉलर द्यायला आलेल्याच्या खिशातून जवळजवळ १ डॉलर ३८ सेंट जाणार. पाच चित्रकारांना एकेक डॉलर देणाऱ्याला हा भुर्दंड पाचदा. लोकांनी धडाधड वर्गण्या बंद केल्या, आणि आठवडाभरातच कंपनीनं माफी मागून निर्णय मागे घेतला. गंमत बघा, हे फुकटे नव्हते. पाकीट उघडून रांगेत उभे असलेले लोक होते.

मग पैसे येतात कुठून?

अमेरिकेत रँडल मनरो २००५ पासून 'एक्सकेसीडी' काढतो. काड्यांची माणसं, विज्ञानाचे विनोद, सगळं मोफत. धंद्यासाठी नसेल तर कुठेही वाटा, अशी उघड परवानगी. कमाई पुस्तकांवर आणि वस्तूंवर. रिच बर्लूनं २०१२ मध्ये आपल्या वेबकॉमिकचा, छापील प्रती संपलेला एक खंड पुन्हा छापायला मदत मागितली. मागणी होती ५७,७५० डॉलरची. जमले साडेबारा लाखांवर, सुमारे पंधरा हजार लोकांकडून. तीच पानं वेबसाइटवर फुकट वाचता येत होती, तरीही. मला हा आकडा पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो.

आणि इथलंच उदाहरण घ्यायचं तर रोहन चक्रवर्ती. नागपूरचे, शिक्षणानं दंतवैद्य, २०१० पासून 'ग्रीन ह्यूमर' ही वन्यजीवांची चित्रमालिका काढतात. चित्रं ऑनलाइन कुणालाही बघता येतात. कमाईला वृत्तपत्रांतले स्तंभ आहेत, पुस्तकं आहेत, निसर्गसंस्थांसाठी काढलेले नकाशे आणि चित्रं आहेत. अशा कामात बिल संस्थेच्या नावे फाटतं, वाचकाच्या नावे नाही.

(दृश्य: आजीची जुनी चौकट, तेलाची बाटली हातात.)

ही चौकट मी आता दाखवत नाही. आज दाखवते. एका कंपनीनं बरे पैसे देऊ केले आणि मी आजीच्या तोंडी त्यांच्या तेलाची तारीफ घातली. जाहिरात आहे, असं कुठेही लिहिलं नाही. खरं तर जाहिरातींच्या मानक परिषदेनं २०२१ मध्येच सांगून ठेवलंय, की पैसे घेतले असतील तर तसं ठळक लिहा. पण वाचकांना नियमाशी देणंघेणं नव्हतं. "आजी इकली बाप्पा," एवढंच एकीनं लिहिलं. ते जास्त लागलं. आता जाहिरात घेते, पण सहा चौकटींखाली, वेगळ्या पट्टीत, वर 'जाहिरात' लिहून. पट्टी भाड्यानं मिळते. आजीचं तोंड मिळत नाही.

पैसे पोहोचण्याचीही एक भानगड असते. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायचे तर रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनी मंजुरी लागते. तेव्हा परदेशी साइटवरच्या कितीतरी वर्गण्या गपचूप बंद पडल्या. देणाऱ्याला वाटायचं, आपण देतोय. घेणाऱ्याला वाटायचं, हा रुसला. यूट्यूबच्या मेंबरशिपमधले तीस टक्के यूट्यूब ठेवून घेतं. यूपीआयचा क्यूआर कोड मात्र कामाचा. कुणी माझ्या खात्यात दहा रुपये टाकले, तर दहाच येतात.

म्हणून सध्या माझं असं चालतं. बुधवारचा भाग सगळ्यांना, जुने भाग सगळ्यांना. वर्षातून एक छापील पुस्तक. लग्नपत्रिका, बारशाची चित्रं, सांगाल ती. आणि ज्यांना उगाचच द्यावंसं वाटतं, त्यांच्यासाठी क्यूआर कोड. जमा किती, कागदाला किती गेले, भाड्याला किती, हे दर महिन्याला लिहून टाकते. गणपतीचं मंडळ फलकावर हिशेब लावतं, तसंच. मागच्या महिन्यात तूट होती. तीही लिहिली.

(दृश्य: संध्याकाळ. दारात चारपाच पोरं, हातात सजवलेले लाकडी बैल.)

सकाळी मारबत, संध्याकाळी तान्हा पोळा. पोरं घरोघर बैल घेऊन फिरतात, बोजारा मागतात. एका दारात दहा रुपये, दुसऱ्यात चॉकलेट, तिसऱ्याला आतून कडी. पण बघा, हे पोरगं आधी बैल दाखवतंय. शिंगांना लावलेला बेगड, पाठीवरची झूल, नवी चाकं. हात नंतर पुढे येतो.

(दृश्य: कॉमिकची शेवटची चौकट. आजी लाकडी बैल धरून उभी, शेजारी क्यूआर कोड.)

माझा क्यूआर ह्या चौकटीत असतो. इथे आजी काही बोलत नाही.