एका थेंबाची गोष्ट

नमस्कार मंडळी, आज बोटातल्या रक्ताच्या थेंबाबद्दल बोलायचंय. मी स्वतः एचआयव्हीच्या गोळ्या घेतोय बरीच वर्षं, रोज रात्री जेवण झालं की एक गोळी, आता त्याचं काही वाटत नाही, पण व्हायरल लोडचं, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते मोजायचं, रक्त द्यायची तारीख आली की आदल्या रात्री अजून डोळा लागत नाही. सुईची भीती नाही हो. पहाटेची एसटी, बुडालेला रोज, आणि एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या, लाइनीत गावातलं कुणी भेटलं तर काय सांगायचं, ही भीती.

म्हणून हा थेंब मला इतका महत्त्वाचा वाटतो. कल्पना अशी, की आपण घरीच बोट टोचायचं, जाड फिल्टर पेपरच्या कार्डावरचे गोल रक्ताने भरायचे, वाळवायचं आणि पाकिटात घालून लॅबला पाठवायचं, बर्फ नको काही नको. ही पद्धत काही नवीन नाही, आपल्याकडे पॉझिटिव्ह आईच्या सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून असंच कार्डावर रक्त घेतात. ब्रिटनमध्ये तर लोक एचआयव्ही आहे का ते तपासायचं किट घरी मागवतात, छोट्या ट्यूबमध्ये बोटातलं रक्त भरतात आणि पोस्टात टाकतात. आपल्याला व्हायरल लोडसाठी शिरेतूनच रक्त द्यावं लागतं, पण डोंगरातल्या वाडीवरच्या माणसाला ही सोय मिळायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

टोचताना हात कोमट पाण्याने धुवून पुसून घ्या, मधलं किंवा अंगठीचं बोट धरा आणि टोकाला नको, बाजूला टोचा, तिथे कमी दुखतं. पहिला थेंब पुसून टाका. बोट पिळू नका, हात खाली सोडा, रक्त आपोआप येतं. कार्ड उन्हात वाळवायचं नाही, सावलीत तीन-चार तास तरी ठेवायचं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर जास्तच जपायचं कारण दमट हवेत नमुना खराब होतो.

आता नीट ऐका. मेडिकलमधलं झटपट किट व्हायरल लोड सांगत नाही, ते अँटिबॉडी बघतं, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीराने जे बनवलेलं असतं ते. गोळ्या चालू असलेल्या माणसाला त्यात कधी कधी निगेटिव्ह दिसू शकतं आणि तो बिचारा बरा झालो म्हणून गोळ्या सोडतो, कृपा करून असं करू नका! हेपटायटिस सी या लिव्हरच्या आजाराचं उलटं आहे, बरे झालात तरी अँटिबॉडी पॉझिटिव्हच राहते, तिथे औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए टेस्ट, म्हणजे रक्तात व्हायरसच उरलाय का ते बघणारी टेस्ट, लागते. कार्डाचीही मर्यादा आहे, त्यात रक्तातल्या पेशीही असतात आणि पेशीत लपलेला व्हायरस मोजला जाऊ शकतो, म्हणून व्हायरल लोडचा एक हजार कॉपीच्या (एक मिलीलिटरमधल्या व्हायरसच्या प्रतींच्या) खालचा आकडा कार्डावरून पक्का धरता येत नाही.

आणि किट घरात आलं म्हणून सुनेचं नाही तर भाड्याच्या खोलीतल्या पोराचं बोट धरून टोचायचं नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे, संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही. काही अडलं तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे.

वापरलेली लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, जाड प्लास्टिकच्या बाटलीत घाला, झाकण घट्ट लावा आणि पुढच्या खेपेला सेंटरवर नेऊन द्या, घंटागाडीवरच्या ताईंच्या हाताला ती लागता कामा नये.