झाकून ठेवलेली पांढरी तार

(दृश्य : जुनं नाशिक, तिवंध्याची चढण. सकाळ. वाड्याचा दिंडी दरवाजा उघडतो.)

तिवंध्यात आमचा वाडा आहे. सागवानी खांब, लाकडी जिना, आणि भिंती इतक्या जाड की खिडकीत मांडी घालून बसता येतं. मे महिन्यात बाहेर मेन रोड भाजून निघत असतो, तेव्हाही आमच्या माजघरात फरशी पायाला गार लागते. या भिंती मला फार आवडतात. ही गोष्ट जुन्या लॅपटॉपच्या अडखळणाऱ्या वाय-फायची आहे. तिच्या शेवटी या भिंती आडव्या येणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

(दृश्य : माजघर. चौरंगावर लॅपटॉप. शेजारी वही, चष्म्याचं घर, चहाचा कप.)

या माजघरात वहिनी अभ्यासाला बसतात. लग्नानंतर राहिलेलं बी.ए. त्या मुक्त विद्यापीठातून पूर्ण करताहेत. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं हे विद्यापीठ १९८९ सालचं, गंगापूर धरणाकडे जाताना लागतं. घर, नोकरी, म्हातारी माणसं सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते उभं राहिलं. सकाळचा स्वयंपाक उरकला की वहिनी व्याख्यानाचा व्हिडिओ लावतात आणि वहीत टिपणं काढतात.

लॅपटॉप दादानं २०१२ साली घेतलेला. दोन वर्षांपूर्वी मी त्यात एसएसडी टाकली, रॅम आठ जीबी केली, आणि विंडोज काढून लिनक्स बसवलं. तेव्हापासून तो झटक्यात सुरू होतो. कीबोर्ड तर आजच्या कुठल्याही नव्या लॅपटॉपपेक्षा सरस आहे, हे मी छातीठोकपणे सांगेन.

पण व्याख्यान ऐन रंगात आलं की चित्र थांबायचं. मास्तरांचं तोंड अर्धं उघडं, आणि मध्ये ते गोल फिरत राहायचं.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता हा लॅपटॉप थकला. द्या भंगारात."

मी त्यांचा फोन चौरंगावरच, लॅपटॉपच्या शेजारी ठेवला. त्यावर तेच व्याख्यान लावलं. एकदाही अडकलं नाही. घर तेच, फायबरचं कनेक्शन तेच, राउटर तोच. म्हणजे नेट घरापर्यंत नीट येत होतं. राउटरपासून लॅपटॉपपर्यंतच्या पंधरा फुटांत ते कुठेतरी सांडत होतं.

(दृश्य : स्क्रीनवर आजूबाजूच्या वाय-फायची लांबलचक यादी.)

ही यादी बघा. आमच्या माजघरात बसून गल्लीतल्या तेवीस घरांचं वाय-फाय दिसतं. सगळी २.४ गिगाहर्ट्झ या एकाच रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर. या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल जेमतेम तीन : १, ६ आणि ११. ब्लूटूथही तिथंच, मायक्रोवेव्हची खरखरही तिथंच. गाडगे महाराज पुलाखाली बुधवारचा बाजार भरला की जी गत होते, तीच. ओरडणारे सगळे, आणि आपलं गिऱ्हाईक आपल्याला ऐकू येत नाही.

फोनला पाच गिगाहर्ट्झचा पट्टा दिसत होता. तिथे चॅनेल भरपूर, गर्दी कमी. आपल्याकडे २०१८ साली सरकारनं या पट्ट्याचा मोठा भाग विनापरवाना वापरासाठी मोकळा केला. लॅपटॉपला मात्र हा पट्टा दिसतच नव्हता. त्याचं वाय-फायचं कार्ड फक्त २.४ ऐकणारं, आणि तेही एकाच अँटेनानं. कागदोपत्री वेग ७२ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ७२ मेगाबिट. वाय-फायमध्ये एका वेळी एकानंच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं, त्यामुळे कागदावरच्या वेगाचा साधारण अर्धाच हाती येतो. तेवीस घरांच्या गोंगाटात तोही राहत नाही.

म्हणजे थकला होता तो लॅपटॉप नव्हे, त्याचा कान.

(दृश्य : एम.जी. रोड. दुचाक्यांची दाटी. दुकानात टेबल, दिव्याखाली उघडलेला लॅपटॉप.)

इथे माझी एक चूक सांगायला हवी. मी घाई केली. लॅपटॉपचं मागचं झाकण काढलं, कार्डाचा आकार बघितला आणि त्या आकाराचं चांगलं तगडं कार्ड ऑनलाइन मागवलं. ८६७ एमबीपीएसचं. बसलंही अगदी चपखल. चालू केला, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं : या यंत्रात परवानगी नसलेलं नेटवर्क कार्ड आहे, ते काढा. त्यापुढे लॅपटॉप हलेना. कार्ड काढलं की सुरू, घातलं की बंद.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पिशवीत टाकून एम.जी. रोडला गेलो. दुरुस्तीवाल्या भाऊंनी अक्षरं वाचली आणि मान हलवली.

"यादी आहे ना याच्यात. बायोसमध्ये. यादीत नाव असेल तेच कार्ड आत घेतो हा."

बायोस म्हणजे लॅपटॉप चालू करताच सगळ्यात आधी जागा होणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम. त्या काळात काही कंपन्यांनी असं केलं होतं. आमच्या लॅपटॉपच्या कंपनीनंही. कारण असं दिलं जायचं की रेडिओ आणि अँटेना यांची तपासणी जोडीनं होते, मंजुरीही जोडीला मिळते, म्हणून वाटेल ते कार्ड घालू द्यायचं नाही. मंजुरीचं म्हणणं समजतं. पण पैसे मोजून घेतलेलं यंत्र दहा वर्षांनी मालकालाच दारात उभं करतं, हे मला अजूनही पटलेलं नाही. बायोस बदलून ही यादी उडवणारे लोक आहेत. त्यात वीज गेली किंवा फाइल चुकली तर अख्खा बोर्ड हातचा जातो. वहिनींची परीक्षा तोंडावर असताना मी ते धाडस करणार नव्हतो. बाहेरून खुपसायचं वाय-फायचं यूएसबी डोंगल हा सरळ उपाय होता, पण चौरंगावरचा लॅपटॉप दिवसातून दहा वेळा इकडून तिकडे उचलला जातो. बाजूला आलेलं ते बोंडूक महिनाभरात मोडलं असतं.

भाऊंनी टेबलाखालून एक प्लास्टिकचा डबा काढला. मेलेल्या लॅपटॉपांची कार्डं, एकेक वेगळ्या पुडीत.

"तुमच्या मॉडेलमध्ये महागडा लॅपटॉप यायचा ना, त्याला हे कार्ड असायचं. कंपनीचंच. यादीत असणारच." लेबलवरचा पार्ट नंबर त्यांनी भिंगातून वाचून दाखवला. कंपनीच्या मॅन्युअलमधल्या यादीशी मी फोनवर ताडून पाहिला. जुळला.

(दृश्य : जवळून. काडेपेटीपेक्षा लहान हिरवं कार्ड, त्यावर दोन सोनेरी ठिपके.)

हे कार्ड वाय-फायच्या एन पिढीचं. २००९ साली ठरलेल्या मानकाचं. पण दोन्ही पट्टे ऐकणारं आणि दोन अँटेनांचं : ३०० एमबीपीएस. मी मागवलेल्या कार्डापुढे म्हातारंच. मात्र आमचं फायबर कनेक्शन १०० एमबीपीएसचं आहे. नळाला अर्धा इंची पाणी येत असताना चार इंची पाइप टाकून काय करायचं? भाऊंनी चारशे रुपये सांगितले, मी दिले.

आता हा भाग नीट बघा.

(दृश्य : जवळून. दोन हात, प्लास्टिकची पट्टी, बारीक चिमटा.)

आधी बॅटरी काढली. चार्जर काढलेलाच होता. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, आत उरलेली वीज निघून जावी म्हणून. जुन्या कार्डावर एकच काळी तार बसलेली. तिच्या टोकाला सोनेरी टोपी, जेमतेम दोन मिलिमीटरची, मोहरीच्या दाण्याएवढी. तार धरून ओढायची नाही. प्लास्टिकची पट्टी टोपीखाली सरकवून सरळ वर उचलायची. भाऊ म्हणाले, या टोप्या काही रोज काढ-घाल करायला बनवलेल्या नसतात. खरं आहे ते. तीसेक वेळा काढ-घाल इतकंच त्यांचं आयुष्य धरलेलं असतं. मी आदल्या दिवशी चार वेळा केली होती.

एक स्क्रू काढला. कार्ड आपोआप तिरकं उचललं गेलं. तसंच तिरकं ओढून काढलं.

आणि मग भाऊंनी चिमट्यानं एका कोपऱ्यातून काहीतरी उचललं. पांढरी तार. टोकाला काळी प्लास्टिकची नळी चढवलेली, चिकटपट्टीनं बाजूला दाबून ठेवलेली.

(थोडा वेळ निवेदन थांबतं. फक्त दुकानातला पंखा.)

दुसरी अँटेना. लॅपटॉप बांधतानाच कारखान्यात कुणीतरी ती बिजागरीतून ओवून स्क्रीनच्या वरच्या कडेपर्यंत नेली होती. स्वस्त मॉडेल म्हणून तिला जोडायला कार्डात जागा नव्हती, म्हणून टोक झाकून ठेवलं. बारा-तेरा वर्षं ती तार त्या स्क्रीनमागे रिकामी बसून होती. दादा त्यावर नोकरीचे अर्ज करत होता तेव्हाही, मुलांचे ऑनलाइन वर्ग त्यावर झाले तेव्हाही. मला खरंच भरून आलं.

नळी काढली. काळी तार १ लिहिलेल्या ठिपक्यावर, पांढरी २ वर. बोटानं सरळ दाबलं. टक्. पुन्हा टक्. तो आवाज बोटाला आधी कळतो, कानाला नंतर.

लॅपटॉप सुरू झाला. काळा पडदा नाही, पांढरी अक्षरं नाहीत. लिनक्समध्ये या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, आधीच असतो, त्यामुळे वेगळं काही टाकावं लागलं नाही.

तुमचा लॅपटॉप साधारण २०१४ नंतरचा असेल तर आत बहुधा एम डॉट टू या नव्या आकाराचं कार्ड असतं, २२ मिलिमीटर रुंद, ३० लांब. त्याच्या टोप्या आणखी बारीक, जुन्या तारांना बसत नाहीत. तिथे इंटेलची एएक्स २०० आणि एएक्स २१० ही कार्डं बहुतेक ठिकाणी चालतात. एएक्स २०१ दिसायला जुळी बहीण, पण तिचा निम्मा मेंदू इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरमध्येच असतो. जुन्या लॅपटॉपमध्ये ती मुकीच राहते. विकत घेताना त्या शेवटच्या आकड्याकडे बघा. काही लॅपटॉपांत तर कार्ड बोर्डावर डागलेलंच असतं. तिथे बदलायला काही नाही, डोंगलच घ्यावं लागतं. म्हणून आधी झाकण उघडा, मग पैसे खर्च करा. मी उलटं केलं.

(दृश्य : पुन्हा माजघर. राउटरचं पान उघडलेलं.)

घरी आलो आणि पाच गिगाहर्ट्झचं नाव यादीत दिसेना. पोटात गोळा आला. कारण साधं निघालं : राउटरनं आपल्या मनानं असा चॅनेल निवडला होता जो भाऊंकडून घेतलेल्या या जुन्या पिढीच्या कार्डाला माहीत नव्हता. राउटरमध्ये जाऊन चॅनेल ३६ पक्का केला. वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार फक्त नवा, डब्ल्यूपीए ३ होता, तो डब्ल्यूपीए २ आणि ३ असा एकत्र केला. मिनिटभरात नाव आलं. वेग तपासला : ९१.

वहिनींनी व्याख्यान लावलं. पहिली पाच मिनिटं त्या पडद्याकडे संशयानं बघत होत्या, आता थांबेल, मग थांबेल. मग वही पुढे ओढली.

(दृश्य : मागची खोली. अंधुक उजेड, भिंतीतला कोनाडा.)

आता भिंती. संध्याकाळी आई माजघरात टीव्ही लावते, तेव्हा वहिनी लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत जातात. राउटर ओटीवर, मध्ये दोन भिंती. पाच गिगाहर्ट्झची लहर आखूड, जाड विटा-मातीच्या भिंतीत ती विरून जाते. मागच्या खोलीत ती पोचलीच नाही. लॅपटॉप निमूट २.४ वर परतला, त्याच तेवीस घरांच्या बाजारात. फरक इतकाच की आता तो दोन्ही कानांनी ऐकत होता. वेग ३४ आला. व्हिडिओला तेवढा पुरतो.

मी राउटर ओटीवरून हलवून माजघराच्या मागच्या कोनाड्यात ठेवायचं म्हणतोय, म्हणजे मध्ये एकच भिंत राहील. तिथे आईची समई असते. आईला विचारायचं बाकी आहे.

(दृश्य : मागच्या खोलीच्या दारातून वहिनींची पाठमोरी आकृती. पडद्यावर व्याख्यान चालू आहे. लॅपटॉपच्या पिशवीच्या कप्प्यात जुनं कार्ड, कागदाच्या पुडीत, वर तारीख लिहिलेली.)

"भाऊजी, दार लोटून घ्या जरा. टीव्हीचा आवाज येतोय."