कुलाब्याची सुई आणि सूर्याचे कण

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईकराला सूर्य म्हटला की मे महिन्यातला घाम आठवतो. पण ऊन आणि उजेड यांखेरीज सूर्याकडून आणखीही काही येते, आणि त्याची एक अत्यंत मोलाची नोंद आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत झालेली आहे.

सूर्यावर मोठा स्फोट झाला की प्रोटॉनसारखे विद्युतभारित कण अफाट वेगाने बाहेर फेकले जातात आणि त्यांतले सर्वांत वेगवान तासाभराच्या आत पृथ्वीजवळ पोहोचतात. मुंबईपर्यंत मात्र ते सहसा येत नाहीत, कारण विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा जमिनीला जवळजवळ समांतर असल्यामुळे कणांना वाट आडवी येते. ध्रुवांकडे त्याच रेषा उभ्या होतात आणि कण त्यांच्या कडेने वातावरणात उतरतात. अशा वेळी ध्रुवीय मार्गावरच्या विमानांचा दूरपल्ल्याचा रेडिओ संपर्क तुटू शकतो. अंतराळवीरांना धोका याहून मोठा. ऑगस्ट १९७२ मधला कणांचा भीषण मारा अपोलो १६ आणि अपोलो १७ या चांद्रमोहिमांच्या मधल्या काळात झाला, हे नशीबच म्हणायचे!

मग मुंबई सुटली का? तसेही नाही. कणांच्या मागून, बहुधा एक ते तीन दिवसांनी, तप्त वायूचा ढग स्वतःचे चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो आणि पृथ्वीभोवतीचा विद्युतप्रवाह बळावून चुंबकीय वादळ उठते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर लख्ख ज्वाला दिसली. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास वादळ पृथ्वीवर थडकले आणि कुलाब्याला चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज, म्हणजे जमिनीला समांतर, घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) घसरला. ही वाचने माणसांनी डोळ्यांनी घेतलेली होती, हे मला त्या आकड्याइतकेच थोर वाटते. मार्च १९८९ मध्ये याहून बऱ्याच सौम्य वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली. १८५९ मध्ये बिघडायला फक्त तारायंत्रे होती.

पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने वेधशाळेतल्या चुंबकीय सुया चळतील, म्हणून १९०४ साली चुंबकीय वेध खाडीपलीकडे अलिबागला हलवले गेले. ट्राम १९६४ मध्ये बंद झाल्या. अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत.