आखडणं, ठणका आणि मुंग्या

नमस्कार, श्रोतेहो.

‘जुनाट दुखण्यातही आनंदी कसं राहावं’ या विषयावर बोलाल का, अशी विचारणा झाली आणि मी हो म्हणून बसले. त्या दिवशी सकाळी चहाच्या डब्याचं झाकण माझ्याच्यानं उघडत नव्हतं. शेवटी नातवाला हाक मारली. तेव्हा आनंदाबद्दल फार मोठं काही ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मी निवृत्त शिक्षिका. गणित शिकवायचे. 13 वर्षांपूर्वी मला आमवात झाला. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. वयामुळे गुडघे झिजतात, ते दुखणं वेगळं. पण आपल्याकडे दोन्हीला सरसकट संधिवात म्हणतात, आणि मग शेजारच्या वहिनींच्या गुडघ्याला लागू पडलेलं तेल माझ्या बोटांसाठी घरी येतं. कोणी मेथीदाणे सांगतं, कोणी तांब्याचं कडं. माया असते त्यामागे, म्हणून मी ते ठेवून घेते. माझ्या कपाटात एक छोटं दुकान निघेल एवढा माल साठलाय.

एका गोष्टीला मात्र मी ठाम नकार देते. दोन दिवसांत उड्या मारायला लावणारी, बिननावाची पुडी. अशा पुड्यांमध्ये गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. आराम पडतो तो त्यामुळे, आणि पुढे हाडं, साखर, रक्तदाब यांचं नुकसान भरायचं आपणच.

आता गणिताच्या बाईंची फजिती सांगते. पहिल्या काही भेटींत डॉक्टर विचारायचे, ‘शून्य ते दहामध्ये दुखणं किती?’ आयुष्यभर मुलांना गुण दिले, पण स्वतःच्या दुखण्याला देता येईनात. दहा म्हणावं तर चालत आले होते. चार म्हणावं तर सकाळी साडीच्या निऱ्या घालताना रडले होते. मी आपली ‘सहा’ म्हणायचे. दर वेळी सहा. पास होण्यापुरते.

एकदा मात्र वैतागून मी सगळं मराठीत सांगितलं. म्हटलं, डॉक्टर, सकाळी तासभर बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही. दुपारी मनगटात ठणका लागतो. जिना चढताना गुडघ्यात एकदम चमक येते. आणि रात्री अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं, एवढ्यातच मुंग्या येतात आणि आग होते, हात झटकला की जरा बरं वाटतं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. म्हणाले, ‘हे शेवटचं पुन्हा सांगा.’ ते दुखणं सांध्याचं नव्हतंच. मनगटातून जाणारी नस सुजेमुळे दाबली जात होती. रात्री बांधायला एक पट्टा दिला आणि काही आठवड्यांत माझी झोप परत आली. कितीतरी महिने मी ‘सहा’ म्हणत होते, त्या सहामध्ये हे दडून बसलं होतं.

पुढे वाचलं की या प्रश्नावर रोनाल्ड मेलझॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं बरंच काम केलंय. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात त्यानं दुखण्याचं वर्णन करणारे शब्द गोळा केले आणि 1975 मध्ये एक प्रश्नावली तयार केली. 20 गटांत 78 शब्द. मला वाटलं, मराठी बाईला विचारलं असतं तर यादी जरा लांबली असती. कळ, सणक, ठसठस, शिणक, चावल्यासारखं, रग लागणं, भरून येणं, लचकणं, उसण. आपल्या आज्यांनी हे शब्द काही हौसेनं घडवले नसतील. तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना आकडा सांगाच, पण सोबत शब्दही न्या. कागदावर लिहून न्या, कारण आत गेल्यावर आठवत नाही. कुठे, कधी, कशानं वाढतं, कशानं उतरतं, एवढं पुरे.

याच मेलझॅकनं 1965 मध्ये पॅट्रिक वॉलसोबत एक कल्पना मांडली होती. पाठीच्या मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं, आणि वेदनेचा संदेश मेंदूकडे किती जाऊ द्यायचा ते तिथे ठरतं. कोपर आपटलं की आपण न कळत चोळतो ना? तो फाटक ओढून घ्यायचाच प्रकार. पुढे या सिद्धान्तात बरेच बदल झाले, पण मुख्य गोष्ट टिकली: भीती, जागरण, काळजी यांनी दुखणं वाढतं, ऊब, हालचाल, मन रमेल असं काम यांनी ते उतरतं. मला यातून मिळाला तो दिलासा. ‘तुझे मनाचे खेळ आहेत’ असं एका जवळच्या माणसानं मला सुनावलं होतं, ते फार लागलं होतं. मनाचा हात असतो, म्हणून काही दुखणं खोटं ठरत नाही.

माझी सर्वांत मोठी चूक कोणती, सांगू? बरा दिवस. वाईट दिवशी मी शहाण्यासारखी वागायचे. पण एका दिवाळीत सकाळी उठले तर हात हलके! मग काय, चकलीची भाजणी, सोऱ्या, दोन किलो चकल्या, वर करंज्या. रात्री सगळ्यांनी वाहवा केली आणि पुढचे चार दिवस मला कुणीतरी वेणी घालून देत होतं. आता काम थांबवायचं ते दुखायला लागल्यावर नाही, घड्याळावर. माझं घड्याळ म्हणजे हाच रेडिओ. बातम्या लागल्या की हातातलं खाली ठेवायचं, मग परातीत कणीक अर्धी मळलेली का असेना. पहिल्यांदा सूनबाई म्हणाली, ‘आई, एवढं होतच आलंय की.’ आता ती स्वतःच बातम्या लागल्या की परात ओढून घेते. आणि वाईट दिवशीही मी पडून राहत नाही. कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडझाप करते, अंगणात दोन फेऱ्या मारते.

काही दिवस यातलं काहीच जमत नाही. रडू येतं, चिडचिड होते, जगणं नकोसं वाटतं. ते लपवू नका. डॉक्टरांना सांगा, घरच्यांना सांगा. सरकारची टेलि-मानस नावाची मोफत सेवा आहे, क्रमांक 14416, चोवीस तास. मी स्वतः एकदा रात्री तो फिरवला आहे.

आणखी एक, माझ्यासारखी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांसाठी. आमवातात ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. चुकून रोज घेणं जिवावर बेततं. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर गुरुवारी लाल गोल करून ठेवलाय. नातू विचारतो, ‘आजी, गुरुवारी सुट्टी असते का?’ मी म्हणते, हो, माझ्या बोटांना.

उद्या गुरुवारच आहे. आता बातम्यांची वेळ झाली, म्हणजे मलाही थांबायला हवं. नमस्कार.