चाड्यावरची मूठ

मंडळी, समजा सगळंच बंद पडलं. वीज नाही, फोन नाही, शहरं ओस. शे-दोनशे माणसं खानापूरच्या रानात कशीबशी तगली. पन्नास वर्षांनी त्यांची नातवंडं बेळगावात उतरली आणि एखाद्या वाचनालयाचं गंजलेलं कुलूप त्यांनी फोडलं. वाळवीनं सोडलेली पुस्तकं हाती लागली. गेलेली विद्या परत मिळाली, असं म्हणायचं का? मी नाही म्हणणार.

चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकानं टोपरा गावचा अशोकस्तंभ दिल्लीला आणवला. सावरीच्या कापसाच्या गाद्यांवर अलगद आडवा केला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर घातला, पुढं यमुनेतून नावांवर. एवढा खटाटोप करून पंडितांना बोलावलं, तर एकालाही अक्षर लागेना. ती ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेप या इंग्रज विद्वानानं १८३७ मध्ये उलगडली. दगड शाबूत, अक्षरं शाबूत, वाचणारा तेवढा संपला होता.

लांब कशाला, आमच्या माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल आहे. आजोबा तो घडाघडा वाचायचे. वडिलांना त्यातली आजोबांची सही ओळखता यायची. मला रुमालाची गाठ सोडता येते. पाटी कुठल्या लिपीत असावी यावर आपल्या भागात किती वाद होतात बघा. मोडीसाठी भांडायला मात्र कुणी नाही!

तुम्ही म्हणाल, नीट लिहून ठेवलं तर प्रश्न मिटेल. अमेरिकेत फॉगबँक नावाचा पदार्थ अण्वस्त्रांसाठी करत. १९८९ पर्यंत तो तयार होत होता. पुढं पुन्हा लागला तेव्हा कारखाना मोडलेला, जाणते कामगार निवृत्त झालेले. कागद पाहून केला तर जमेना. शेवटी कळलं, जुन्या मालात एक अशुद्ध घटक नकळत राहायचा आणि गुण त्याच्यामुळंच यायचा. नव्या कारखान्यात माल जास्त शुद्ध केला, म्हणून बिघडला. जे करणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं, ते तो लिहिणार कुठून?

आता आपल्या शिवारात या. रोहिणीत धूळवाफ भाताची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी. चार फणांची कुरी, म्हणजे बैलांनी ओढायची पाभर, वर लाकडी चाडं, त्याच्या भोकांतून नळ्यांवाटे बी खाली. चाड्यावर मूठ धरायची म्हणजे बी सोडायचं, एवढंच. मी बारा वर्षांचा होतो. वडील म्हणाले, "धर." किती धरू विचारलं, तर म्हणाले, "हाताला कळतं." माझ्या हाताला काय कळणार! बैल वेगात आले की मूठ सैल करायची, वळणावर आवळायची, मधेच एखादी नळी तुंबली की तिचा आवाज बदलतो, तो ऐकायचा. हे सगळं मला नंतर समजलं. त्या वर्षी भात उगवलं तेव्हा माझ्या ओळी सगळ्या गावानं पाहिल्या. एका जागी जावळासारखं दाट, पुढं दोन हात मोकळं. वडील काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा म्हणाले, "धर."

ही मूठ कुठल्या पुस्तकात सापडेल? बियाण्याचं माप सापडेल, दोन ओळींतलं अंतर सापडेल.

इथं चाड्यावर मूठ धरलेले कितीजण आहेत? हात वर करा बघू. ...सात. आणि सातही पांढऱ्या केसांचे. मागच्या भिंतीला टेकलेले मामा, तुमची कुरी अजून आहे म्हणालात ना मघाशी? यंदा रोहिणीत मी माझ्या नातवाला घेऊन येतो. त्याला नुसतं "धर" म्हणा.