उद्यमनगरातली टर्बो एस्टीम

(दृश्य: लेथवर फिरणारा पोलादी बुश, खाली गळणारी चीप)

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. ऑईल इंजिनांचे आणि पंपांचे सुटे भाग घडवत इथल्या टर्नरांचे हात तयार झाले. आज चकमध्ये धरलेला हा बुश जेमतेम बोटाएवढा आहे. तो जाणार आहे एका मारुती एस्टीमच्या ऑईल चेंबरला. या गाडीला कंपनीनं टर्बो दिला नव्हता. दोन भावांनी तो घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला, आणि बसवल्यापासून ते तो जपत आहेत.

(दृश्य: शेड, बॉनेट उघडलेली गाडी)

एस्टीम १९९४ साली बाजारात आली, २००७ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. १२९८ सीसी, चार सिलिंडर. नंतरच्या सोळा व्हॉल्व्हच्या, मल्टीपॉइंट इंजेक्शनच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) मॉडेलची ताकद ८५ अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन नऊशे किलोच्या आत. रॅलीवाल्यांनी ही गाडी उचलून धरली ती याच हलकेपणामुळं. टर्बो मात्र आलाय एका अपघातात निकामी झालेल्या डिझेल स्विफ्टमधून.

(दृश्य: हातात उघडा टर्बो; बोटानं फिरणारं पंख्याचं चाक)

सायलेन्सरकडं जाणारा गरम धूर एका बाजूचं चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसऱ्या बाजूचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून जोर जास्त. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो, आणि तो तोलला जातो फक्त ऑईलच्या पातळ थरावर. बेअरिंगमधून गेलेलं ऑईल स्वतःच्या वजनानं खाली चेंबरमध्ये परतायला हवं. वाटेत नळीला कुठं उलटा चढ आला, तर ते तुंबतं, सीलमधून झिरपतं आणि मागून निळा धूर निघतो. सकाळपासून टर्नरमामा ज्या बुशावर खपतायत, तो याच परतीच्या नळीचा.

थोरला भाऊ व्हर्निअर लावून बघतो. “मामा, अजून थोडं घ्या.” मामा घेतात.

(दृश्य: वेल्डिंगचा प्रकाश, काळी काच, तांबूस झालेला सांधा)

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो इंजिनातला धूर गोळा करून टर्बोकडं नेणाऱ्या या मॅनिफोल्डनं. बाजारात या जोडणीसाठी तयार मॅनिफोल्ड मिळत नाही. साखर कारखान्यात वाफेच्या लाईनला वापरतात तसले जाड भिंतीचे एल्बो घेतले, कापले, एकमेकांना भिडवले. पातळ पाईप दिसायला देखणा असतो, पण टर्बोचं वजन आणि उष्णता दोन्ही झेलताना तो चिरतो. वेल्डिंग करताना फ्लँज, म्हणजे बोल्ट बसतात ती त्याची चपटी कड, एका टाकाऊ हेडवर बोल्टांनी आवळून ठेवलाय, कारण मोकळा ठेवला तर तो वाकतो. तरीही थोडा वाकतोच. म्हणून सगळं थंड झाल्यावर त्याचं तोंड पुन्हा ग्राइंडिंगवर सपाट करून घेतलं. काचेवर ठेवून फट मोजायच्या फिलर गेजची पात कुठं शिरते का, हे बघणारा हा धाकटा भाऊ. एकाही कोपऱ्यात शिरत नाही.

हे काम रस्त्यावरच्या जुगाडात मोजणाऱ्यांनी ही पात एकदा बघावी.

(दृश्य: उघडं इंजिन, पिस्टनच्या रिंगा, कानशीची बारीक पट्टी)

इंजिन बांधताना रिंगांच्या दोन टोकांमधली फट कानशीनं घासून वाढवली. दाब वाढला की उष्णता वाढते, रिंग फुगते. टोकं एकमेकांना टेकली तर ती सिलिंडरमध्ये अडकते आणि पिस्टनचा काठ तुटतो. प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारे घातले, त्यांचा गॅपही कमी केला, कारण दाबलेल्या हवेत ठिणगी पडणं अवघड होतं.

मूळचा प्रेशर सेन्सर वातावरणाच्या दाबापुरताच. त्याच्या पलीकडचं त्याला कळत नाही. त्यामुळं सेन्सर बदलला, कंपनीच्या ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या जागी प्रोग्राम करता येणारा ईसीयू आला, इंजेक्टर मोठे झाले, टाकीतला पंप बदलला. बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला जास्तीचा दाब, ठेवलाय अर्धा बार, म्हणजे गॅरेजच्या भाषेत सात पीएसआय. याहून जास्त मागणारे मित्र रोज येतात. भाऊ ऐकत नाहीत, आणि ते बरोबर आहेत. डिझेलचा टर्बो डिझेलच्या धुरासाठी बनलेला असतो. पेट्रोलचा धूर पूर्ण जोरात नऊशे अंशांच्या पुढं जातो.

(दृश्य: लॅपटॉपवर हलणारे आकडे; मग उसानं भरलेले ट्रॅक्टर)

हे ट्यूनिंग. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा, हा पुस्तकातला हिशेब. बूस्टवर मिश्रण मुद्दाम घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त ठेवतात, हवा बाराच्या आसपास, म्हणजे जळणं आटोक्यात राहतं. पण आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि त्याचा मूळ हिशेबच साडेतेराच्या जवळ येतो. इथेनॉलला नॉकिंग (दाबानं इंधन आपोआप पेटून इंजिन ठोकणं) सहजी होत नाही आणि वाफ होताना ते आत जाणारी हवा थंड करतं, त्यामुळं टर्बोच्या गाडीला ते मानवतं. मात्र ते जास्त लागतं, आणि जुन्या गाडीचे रबरी पाईप खातं. पाईप सगळे नवे आहेत. या रस्त्यानं कारखान्याकडं निघालेला ऊस कधीतरी या टाकीतही येणार.

(दृश्य: साबणाच्या पाण्याची बाटली, सांध्यावर उठणारे बुडबुडे)

देखभालीतलं हे सगळ्यात स्वस्त हत्यार. टर्बोच्या हवेच्या तोंडाला टोपण लावून कॉम्प्रेसरनं हलका दाब भरायचा आणि प्रत्येक क्लॅम्पवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडा आला की तिथं गळती. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या होजवर, बघा, आलाच. क्लॅम्प आवळला, पुन्हा पाणी मारलं. आता काही नाही.

मॅनिफोल्डचे नट तापून-थंड होऊन सैल पडतात, म्हणून टॉर्क पान्हा दर वेळी फिरतो. टर्बोचा दांडा हातानं हलवून बघतात: आडवा किंचित हलला तर चालतो, पुढं-मागं हलता कामा नये. ऑईल पूर्ण सिंथेटिक, आणि कंपनीच्या मुदतीच्या बरंच आधी बदललेलं. जोरात फिरवून आणल्यावर इंजिन लगेच बंद करत नाहीत, थोडा वेळ आयडलवर ठेवतात. तापलेल्या बेअरिंगमध्ये थांबलेलं ऑईल जळून कोळसा होतं आणि पुढच्या वेळी वाट अडवतं.

(दृश्य: बंदिस्त आवारात धावणारी गाडी)

गाडी धावते ती खासगी आवारातच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. असं काम तपासून त्याला रीतसर मान्यता देणारी सोपी वाट या हातांना मिळायला हवी.

(दृश्य: जॅकवर उचललेली गाडी, खाली सरकवलेला गिअरबॉक्स)

जोर वाढला तसा जुना क्लच घसरू लागला. गिअरबॉक्स उतरवलाय. प्रेशर प्लेटला जास्त दाबाची स्प्रिंग बसवायचीय, आणि त्यासाठी फ्लायव्हीलचं तोंड सरळ करून हवंय. धाकटा ते मोटरसायकलवर घेऊन मामांकडं निघालाय.